स्पर्धा परीक्षेची तयारी थांबवावी का : मनाचा कौल केव्हा आणि कसा घ्यावा

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागांत चार-पाच वर्षे राज्यसेवेची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अधिकारीपदांच्या परीक्षेची, तयारी केलेल्या जवळजवळ प्रत्येकाची एका प्रश्नापायी कधी ना कधी झोप उडालेली असते : आता थांबावे, की आणखी एक अटेम्प्ट द्यावा? मी स्वतः २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षे तिथे काढली, दोनदा मुख्य परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचले, अंतिम यादीत नाव आले नाही आणि अखेर पुस्तकांचे खोके बांधून कुडाळला परतले. आता मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. आजूबाजूच्या गावांतली तयारी करणारी मुले-मुली, आणि पुष्कळदा त्यांचे आईवडीलही, हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. "ताई, आतून वाटतंय की आता बास, पण हे खरंच वाटतंय की मी घाबरलोय, तेच कळत नाही," हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अशा निर्णयात मनाला विचारलेच पाहिजे. पण ते सर्वांत शेवटी, हिशेब मांडून झाल्यावर विचारावे, आणि ज्या गोष्टीचा त्याला अनुभव आहे तेवढेच विचारावे.

मनाला काय कळते

आमच्या शाखाधिकाऱ्यांसमोर एखादे कर्जप्रकरण येते. कागद चोख असतात, तारण पुरेसे असते, जामीनदार ओळखीचे असतात, आणि तरीही ते म्हणतात, "जरा थांबा, एकदा दुकानावर जाऊन बघून या." जाऊन पाहिले की बहुतेक वेळा काहीतरी निघतेच : माल उधारीवर भरलेला असतो, किंवा दुकान प्रत्यक्षात दुसराच कोणी चालवत असतो. सुरुवातीला मला याचे फार नवल वाटे. पुढे उमगले की तीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून हजारो प्रकरणे गेलेली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले, हे वसुलीच्या वहीने त्यांना सांगितलेले आहे. अर्जदार कोणत्या प्रश्नाला अडखळला, कोणत्या कागदावर घाईने बोट ठेवून पुढे गेला, अशा बारीक खुणा त्यांच्या मनात साठल्या आहेत. त्या शब्दांत येण्याआधीच "थांबा" हा शब्द त्यांच्या तोंडून निघतो.

गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला हेच आढळले. एका अधिकाऱ्याने जळत्या घरातून आपल्या माणसांना अचानक बाहेर काढले आणि काही क्षणांतच आतली जमीन खचली. का बाहेर काढले, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. नंतर उलगडा झाला तो असा, की खोलीतली उष्णता दिसणाऱ्या आगीच्या मानाने फार जास्त होती आणि आवाज फार कमी होता, कारण खरी आग खाली तळघरात होती. याच क्लाइनने मानवी निर्णयांतल्या चुकांचा आयुष्यभर अभ्यास करणारे नोबेल विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांच्यासोबत २००९ मध्ये एक निबंध लिहिला. मनाच्या कौलाबद्दल या दोघांची मते मुळात परस्परविरुद्ध होती, तरी दोन अटींवर त्यांचे एकमत झाले : ज्या क्षेत्रात काही नियमितपणा आहे, आणि जिथे माणसाला आपल्या अंदाजांचे निकाल वारंवार व वेळेवर कळत गेले आहेत, तिथलाच कौल भरवशाचा धरता येतो.

या अटी आपल्या प्रश्नाला लावून पाहा. "पुढच्या वर्षी माझे सिलेक्शन होईल का?" याचे उत्तर मनापाशी नाही. निकाल वर्षाकाठी एकदा लागतो, पदे कधी जास्त तर कधी अगदी थोडी निघतात, आणि त्यांच्यासाठी लाखो उमेदवार अर्ज करतात. शिवाय परीक्षाही तीच राहत नाही. मी दिलेली मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि बहुतांशी वस्तुनिष्ठ होती. २०२५ च्या परीक्षेपासून ती वर्णनात्मक झाली असून लेखी १७५० आणि मुलाखत २७५ असे एकूण २०२५ गुण झाले आहेत. जुन्या पद्धतीवर सहा वर्षे घासलेल्या मनाला नव्या परीक्षेतल्या यशाची चाहूल लागेल, असे मानायला काही आधार नाही. "आतून वाटतंय, या वेळी होणारच" या वाक्याला म्हणूनच मी महत्त्व देत नाही, आणि "आपलं काही होणार नाही" या वाक्यालाही नाही.

पण आपला दिवस कसा जातो, हे मनाला पक्के ठाऊक असते, कारण तो अनुभव रोजचा आहे. अभ्यासिकेत आपण शिकायला बसतो, की रूमवर एकटे राहवत नाही म्हणून बसतो. टेस्ट सिरीजचा पेपर तपासून आला की चुका पाहाव्याशा वाटतात, की वही न उघडताच ठेवून द्यावीशी वाटते. गावाकडून फोन आला की काय लपवावे लागते : या प्रश्नांची उत्तरे मनाने शेकडो वेळा अनुभवलेली असतात.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे. ज्या पदासाठी आपण झटतो आहोत ते काम आपल्याला खरोखर हवे आहे का, हे मनाला सांगता येते, पण त्याने ते काम पाहिलेले असेल तरच. आपल्यापैकी बहुतेकांनी अधिकाऱ्यांची भाषणे ऐकलेली असतात आणि सत्कार पाहिलेले असतात. तहसील कार्यालयातला साधा मंगळवार पाहिलेला नसतो. ओळखीच्या नायब तहसीलदारांना विनंती करून, ते परवानगी देतील तितके दिवस तिथे जाऊन बसा. जमिनीच्या केसेसची सुनावणी, अतिवृष्टीनंतरचे पंचनामे, निराधार योजनेचे अर्ज, निवडणुकीच्या याद्या, आणि खिडकीशी तासन्‌तास उभी असलेली माणसे पाहा. मी हे पाचव्या वर्षी केले आणि ते पहिल्याच वर्षी करायला हवे होते. मला ते काम आवडले, हेही इथे प्रामाणिकपणे नोंदवते. ते काम मला आजही आवडेल. ते मिळवण्यासाठी जे दिवस जगावे लागत होते, ते मात्र माझ्याच्याने आणखी जगवत नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या भेटीमुळे मला कळले.

कोणत्या दिवशी ऐकू नये

निकालानंतरचे पंधरा दिवस मनाचे काही ऐकू नये. परीक्षा पुढे गेली, तरी तेच. २०२१ च्या मार्चमध्ये कोरोनाच्या कारणाने १४ तारखेची राज्यसेवा पूर्व परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली, तेव्हा मी कुडाळला होते. त्या रात्री मला पुण्याहून तीन फोन आले आणि तिघींचेही म्हणणे एकच होते : आता सोडायचे. परीक्षा २१ तारखेला झाली. तिघीही बसल्या आणि दोघींना पेपर चांगला गेला. तो संताप योग्यच होता, पण संतापाला आयुष्याची दिशा विचारायची नसते.

आनंदाच्या दिवसांबाबतही तितकेच सावध असावे, आणि याकडे मुलांचे अजिबात लक्ष नसते. रूममेटची पोस्ट निघते, म्हणजे तिची पदासाठी निवड होते, फेटे बांधले जातात, आणि त्या रात्री आपल्यालाही "अजून एक वर्ष" अगदी आतून मनापासून वाटू लागते. दोन गुणांनी यादी हुकली की तसेच होते. दोन गुणांनी हुकणे म्हणजे पुढच्या वेळी मिळणे नव्हे. पुढच्या वेळी सगळे पुन्हा शून्यापासून, पूर्व परीक्षेपासून सुरू होते.

मग ऐकायचे केव्हा? यासाठी मी एक साधी वही सुचवते. सहा आठवडे, रोज रात्री ठरलेल्या वेळी, दोनच प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी एका ओळीत लिहावीत : आज अभ्यासाला बसताना कसे वाटले, आणि उद्यापासून थांबायला कोणी मोकळीक दिली तर काय वाटेल. मागची पाने उलटायची नाहीत, कोणाला दाखवायची नाहीत. सहा आठवडे संपले की सगळे एका बैठकीत वाचायचे, आणि वाचताना चांगल्या दिवसांच्या नोंदींवर विशेष लक्ष द्यायचे. भीती वाईट दिवशी फुगते आणि चांगल्या दिवशी ओसरते. ज्याला खरोखर आतला आवाज म्हणावे, तो चांगल्या दिवशीही तसाच असतो आणि बहुधा शांत असतो. माझ्या वहीत एका पानावर लिहिलेले निघाले : "आजची टेस्ट या महिन्यातली सर्वांत चांगली गेली. तरी उद्या इथे यावेसे वाटत नाही." रडून लिहिलेली दहा पाने मी बाजूला ठेवली आणि या दोन ओळींपाशी थांबले.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, जगण्यातच अर्थ नाही असे वाटत असेल, तर ते वाटणे म्हणजे आतला आवाज नाही; तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा अवस्थेत थांबण्याचा किंवा न थांबण्याचा कोणताही निर्णय घेऊ नये. आधी घरच्यांपैकी एकाला सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आधी हिशेब, मग मन

कानमन १९५५ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, इस्रायली सैन्यात होते आणि नव्या सैनिकांच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. मुलाखत घेणाऱ्यांच्या पहिल्या नजरेतल्या मतावर त्यांनी बंदी घातली आणि सहा गुणांना एकेक करून, पुराव्यानिशी अंक द्यायला लावले. मुलाखत घेणारे नाराज झाले, तेव्हा त्यांनी शेवटी एक सवलत दिली : सहाही अंक देऊन झाले की डोळे मिटा आणि मनाला येईल तो एक अंक द्या. पुढे पडताळणी झाली तेव्हा तो डोळे मिटून दिलेला अंकही सहा अंकांच्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला. आधी अंक देताना मन पुराव्यातून फिरून आलेले असते, म्हणूनच नंतरचे त्याचे मत ऐकण्याजोगे होते.

आपल्या निर्णयासाठी मी हीच रीत वापरली. एका कागदावर सहा बाबी लिहाव्यात आणि प्रत्येकीला एक ते पाच अंक द्यावेत. पाच म्हणजे तयारी चालू ठेवण्यास पूर्ण अनुकूल. पहिली बाब, गेल्या सहा महिन्यांतल्या टेस्टचे गुण चढते आहेत, की एकाच जागी आहेत. दुसरी, गेल्या दोन पूर्व परीक्षांत कट ऑफपासून आपण किती वर किंवा खाली होतो. तिसरी, कोणावर नवे कर्ज न होऊ देता आणखी किती महिन्यांचा खर्च निघेल. इथे अंदाज चालत नाही, रूमचे भाडे, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज आणि प्रवास लिहूनच भागाकार करावा. चौथी बाब तब्येतीची. पाचवी, घरची जबाबदारी किती काळ थांबू शकते याची. सहावी, वाट पाहिली तर दुसरा मार्ग बंद होतो आहे का याची, म्हणजे पदवीनंतरचे अंतर, इतर भरत्यांची वयोमर्यादा आणि हातातले कौशल्य.

या यादीत गेलेली वर्षे मुद्दाम घेतलेली नाहीत. "सहा वर्षे घातली, आता कसे सोडू?" हे वाक्य मी पतसंस्थेत वेगळ्या रूपात जवळजवळ रोज ऐकते. जुने कर्ज बुडू नये म्हणून त्याच माणसाला नवे कर्ज दिले की बहुतेक वेळा दोन्ही थकतात. नव्या कर्जाचा निर्णय त्याच्या आजच्या परतफेडीच्या ताकदीवरच घ्यावा लागतो, आणि सातव्या वर्षाचा निर्णयही सातव्या वर्षाकडेच पाहून घ्यावा लागतो.

अंक देऊन झाले की कागद मिटून ठेवावा आणि एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी, मोबाइल हातात घेण्यापूर्वी, डोळे मिटून, तयारी चालू ठेवण्याला त्याच एक ते पाचच्या मापाने एकच अंक द्यावा आणि तो त्याच कागदावर लिहावा.

तरीही मन काही बोलत नसेल, तर आमच्या कोकणातल्या कौलाची आठवण होते. देवळात गुरव देवाच्या अंगाला कळे किंवा पाने लावतो, आपण गाऱ्हाणे घालतो आणि उजवा कौल पडतो की डावा, याकडे श्वास रोखून पाहतो. लहानपणापासून मी एक गोष्ट पाहिली आहे : कळा खाली पडण्याच्या आधीच्या त्या क्षणी, तो कोणत्या बाजूने पडावा असे आपल्याला वाटते आहे, हे माणसाला लख्ख कळते. देवाचा कौल ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार मानावा. त्या क्षणी स्वतःबद्दल जे कळते, ते मात्र लक्षात ठेवावे. स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञाने इंटरनेटवर लोकांकडून नाणेफेक करून घेतली. नोकरी सोडावी का, नाते तोडावे का अशा प्रश्नांवर अडलेल्या लोकांनी वीस हजारांहून अधिक वेळा नाणे उडवले, आणि मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी, बदल न केलेल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. हे लोक आपण होऊन आलेले होते, म्हणून हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लावू नये. पण कुंपणावर फार काळ बसलेला माणूस बहुधा गरजेपेक्षा जास्त काळ बसलेला असतो, एवढे त्यातून दिसते आणि ते माझ्या अनुभवाशी जुळते.

हिशेब आणि मन जुळत नसेल तर

सहा अंकांची बेरीज आणि सकाळचा अंक एकाच दिशेला असतील, तर पुढे विचार करण्यासारखे फारसे उरत नाही. खरी कसोटी ते परस्परविरुद्ध असतात तेव्हा लागते.

समजा, हिशेब "थांबा" म्हणतो आणि मन "चालू ठेव" म्हणते. अशा वेळी मन नेमके कशाबद्दल बोलते आहे, ते तपासावे. ते निकालाबद्दल बोलत असेल, म्हणजे "या वेळी होईल" असे सांगत असेल, तर त्याला त्यातले काही कळत नाही, हे आपण वर पाहिलेच. पण ते कामाबद्दल आणि दिवसांबद्दल बोलत असेल, अभ्यास अजूनही गोड लागत असेल, पाहिलेले काम हवेसे वाटत असेल, तर एक अटेम्प्ट द्यावा. मात्र अट आणि तारीख लिहून द्यावा. "पूर्व परीक्षेत अमुक गुणांच्या खाली आले तर अमुक महिन्यात रूम सोडेन" असे कागदावर लिहून तो कागद ज्याची भीड वाटते अशा माणसाच्या हाती ठेवावा. निकालाच्या दिवशी स्वतःशी केलेले करार टिकत नाहीत.

माझे उलटे होते. बेरीज तीसपैकी एकवीस आली होती. गुण चढते होते, आणखी वर्षभराचे पैसे होते, बाबांचा आग्रह नव्हता. सकाळचा अंक मात्र एक आला. आठवडाभराने पुन्हा केले, तेव्हाही एकच आला. मी मनाचे ऐकले, आणि अशा स्थितीत दुसऱ्यालाही तेच सांगते, कारण त्या सहा बाबी शक्यता मोजतात, आणि ती शक्यता खरी होईपर्यंतचे दिवस ज्याला काढायचे असतात ते मन असते. चांगल्या दिवशीही जे नको म्हणते, त्याला ढकलत नेले तर अभ्यास हळूहळू नावापुरता उरतो आणि मग चढते गुणही खाली येतात. मी हे अभ्यासिकेत शेजारच्या टेबलांवर पाहिलेले आहे.

घरी सांगताना

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" या म्हणीचा उत्तरार्धच आपण उचलतो. घरच्यांना निर्णयाआधी, हिशेबाचा कागद समोर ठेवून सांगावे, म्हणजे त्यांना तुमचे वाटणे आणि त्यामागचे कष्ट दोन्ही दिसतात. मी फोनवर न सांगता घरी गेले. बाबांनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "पैशासाठी थांबतंस काय?" मी नाही म्हटले. "मग ठीक," म्हणाले आणि उठून गेले. आईशी बोलायला दोन दिवस लागले.

मुलींनी एक गोष्ट आवर्जून करावी. तयारी थांबवणे आणि लग्नाला होकार देणे या दोन निर्णयांची घरात गाठ बांधली जाते. ती पहिल्याच बैठकीत, स्पष्ट शब्दांत सोडवावी. "मी परीक्षा थांबवते आहे, स्थळांबद्दल वर्षभराने बोलू," हे वाक्य पाठ करून जावे. अनेक मुली केवळ स्थळे टळावीत म्हणून अभ्यास चालू ठेवतात, आणि मग त्यांच्या मनाचा कौल नेमका कशाबद्दल आहे, हे त्यांनाही कळेनासे होते.

थांबल्यानंतर

खुल्या प्रवर्गासाठीही राज्यसेवेची वयोमर्यादा ३८ वर्षांची आहे, म्हणजे दार पुष्कळ काळ उघडेच राहते आणि प्रत्येक जाहिरातीसरशी मन पुन्हा चाळवते. म्हणून एक वर्ष कोणताही फॉर्म भरायचा नाही, असे आधीच ठरवावे. टेलिग्रामचे ग्रुप सोडावेत, पुस्तके गरजू मुलांना द्यावीत, नोट्स हव्या तर ठेवाव्यात. दुसऱ्या कामाची सुरुवात लहान ठेवावी; मी पहिले दोन महिने पतसंस्थेत केवळ प्रकरणांच्या फायली लावत होते, आणि दिवसाअखेर थकल्यावरही उद्या यावेसे वाटते आहे, हे माझ्या तिथेच ध्यानात आले.

आणि तुम्ही सोडलेली परीक्षा ज्या दिवशी पुढे प्रथमच होईल, त्या दिवशी मनाची नोंद जरूर घ्या. आपला कौल बरोबर होता का, हे मनाला कळण्याची ती एक दुर्मीळ संधी असते. माझ्यासाठी तो दिवस २१ मार्च २०२१ चा रविवार होता. आमच्याकडे तो काजूचा हंगाम. सकाळी दहा वाजता, पहिला पेपर सुरू होण्याच्या वेळेला, मी बाबांबरोबर बागेत काजू वेचत होते आणि माझे लक्ष घड्याळाकडे गेले. छातीत थोडे धडधडले. दुसरा पेपर तीन वाजता असतो. त्याची आठवण मला संध्याकाळी टोपल्या पडवीत आणून ठेवताना झाली, तेव्हा पाच वाजून गेले होते.